धर्माच्या गाईचे दात : शहरी अभयारण्यातल्या मोफत निसर्गफेरीविषयी

कीर्तन फुकट असते. देवळाच्या मंडपात तिकीट लावत नाहीत. आरतीचे ताट फिरते, त्यात ज्याला जमेल तो जमेल ते टाकतो. तरीही कीर्तन आटोपल्यावर चपला शोधताना लोक जे बोलतात ती अस्सल समीक्षा असते. पूर्वरंग फार लांबला. आख्यान बुवांना पाठ होते, पण पोचले नाही. आज आवाज बसला होता, पेटीवाल्याने सांभाळून घेतले. फुकट ऐकले म्हणून गप्प बसावे असे त्या श्रोत्यांना वाटत नाही, आणि बुवांनाही त्यात अपमान दिसत नाही.

मोफत निसर्गफेरीच्या बाबतीत मात्र असे होत नाही. गेली वीसेक वर्षे मी अशा फेऱ्यांना जाते आहे. फेरी संपली की सगळे म्हणतात, ‘फारच छान, आणि तेही मोफत!’ मग गटाचे छायाचित्र निघते आणि मंडळी चहाला पांगतात. नाटकाची समीक्षा होते, पुस्तकाची होते, अलीकडे तर उपाहारगृहांचीही होते. दोन तास एक माणूस वीस-पंचवीस जणांना एका ठरलेल्या वाटेने नेतो, कुठे थांबायचे हे ठरवतो, कशाकडे बघायचे हे सांगतो, कशाकडे बघायचे नाही हे न सांगता ठरवून टाकतो. या सगळ्याविषयी कोणी चार ओळी लिहीत नाही. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत असे आपण मानतो. मला ते मोजावेसे वाटतात. शहरातल्या कितीतरी मुलांच्या वाट्याला निसर्गावरचे जे पहिले ‘पुस्तक’ येते ते ही फेरीच असते, आणि त्या पुस्तकात काय छापले आहे हे कोणीतरी वाचून पाहायला हवे.

त्यासाठी मी उदाहरण घेते आहे ते अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराच्या कडेला असलेल्या टिनिकम दलदलीचे. आज तिचे अधिकृत नाव जॉन हाइन्झ नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्यूज. मुलगी त्या शहराजवळ राहते, म्हणून वेगवेगळ्या मोसमांत तिथे जाता आले, हे एक कारण. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. शहरातल्या माणसांना निसर्ग दाखवण्यासाठीच वन्यजीवांची जागा राखायची, ही कल्पना अमेरिकेत जिथे प्रथम कायद्याने रुजली त्या जागांत टिनिकम अगदी पुढे आहे. १९७२ साली अमेरिकी संसदेने ती वाचवली तेव्हा तिचे नावच ‘टिनिकम राष्ट्रीय पर्यावरण केंद्र’ असे होते. १९९१ मध्ये पेनसिल्व्हेनियाचे सिनेटर जॉन हाइन्झ विमान अपघातात गेले आणि त्याच वर्षी त्यांचे नाव या जागेला मिळाले. इथे प्रवेशशुल्क नाही. मार्गदर्शकासह पक्षी पाहण्याच्या फेऱ्या आहेत, मुलांसाठी उपक्रम आहेत, ज्याच्याकडे दुर्बीण नाही त्याला ती उसनी मिळते. धर्माची गाय इतकी धष्टपुष्ट क्वचितच बघायला मिळते.

आता या प्रकाराची वंशावळ थोडक्यात पाहू. निसर्ग दाखवणारा वाटाड्या हा स्वतंत्र पेशा म्हणून मांडला एनॉस मिल्स याने. कोलोरॅडोतल्या लाँग्ज पीक या शिखराच्या पायथ्याशी त्याची खाणावळ होती आणि त्या शिखरावर त्याने शेकडो वेळा लोकांना नेले. शिखरावर पोचवणे हे साध्या वाटाड्याचे काम. वाटेत काय आहे ते कळण्याची भूक लावणे हे निसर्ग-वाटाड्याचे, असा त्याचा आग्रह होता. त्याने असे वाटाडे शिकवून तयार केले. १९१७ मध्ये एस्थर आणि एलिझाबेथ बर्नेल या दोन बहिणींना राष्ट्रीय उद्यान खात्याचा निसर्ग-वाटाड्याचा परवाना मिळाला, त्या त्याच्याच तालमीतल्या. १९२० साली त्याचे या विषयावरचे पुस्तक आले. या पेशाच्या आरंभीच परवानाधारक म्हणून दोन स्त्रिया उभ्या आहेत, ही गोष्ट मला फार आवडते. पण तिच्यावर इथे रेंगाळता येणार नाही.

मिल्सनंतरचे मोठे नाव फ्रीमन टिल्डन. हा गृहस्थ निसर्गशास्त्रज्ञ नव्हता. वर्तमानपत्रात काम केलेला, कथा-कादंबऱ्या आणि नाटके लिहिलेला माणूस. त्या लेखनाचा कंटाळा येऊन उतारवयात राष्ट्रीय उद्यानांकडे वळला. १९५७ मध्ये त्याचे ‘इंटरप्रेटिंग अवर हेरिटेज’ प्रसिद्ध झाले आणि आजही जगभरच्या मार्गदर्शकांना तेच शिकवले जाते. त्यात त्याने सहा तत्त्वे सांगितली. श्रोत्याच्या अनुभवाशी जोडा. नुसती माहिती म्हणजे उलगडा नव्हे. ही एक कला आहे. शिकवण्यापेक्षा डिवचणे हा तिचा हेतू. तुकडा दाखवू नका, अखंड वस्तू दाखवा. आणि मुलांसाठी मोठ्यांचेच सांगणे पातळ करून वाढू नका. हे वाचताना मला सारखे कीर्तनच आठवत होते. पूर्वरंगात तत्त्व, उत्तररंगात आख्यान, आणि दोन्हींचा सांधा श्रोत्याच्या घरातल्या एखाद्या दाखल्याने जोडायचा. टिल्डनने नारदाच्या गादीचे नावही ऐकले नसेल, पण नाटककाराला जे कळते ते त्याला कळले होते. लोक माहितीसाठी बसत नाहीत, गोष्टीसाठी बसतात.

म्हणूनच टिल्डनच्या पाचव्या तत्त्वावर मी अडून बसते. अखंड वस्तू दाखवा, हे म्हणायला सोपे आहे. टिनिकमला अखंड वस्तू कोणती?

फेरीच्या वाटेवरून दिसते ते असे. एका बाजूला बांधाने अडवलेले पाणी, त्यात बदके आणि बगळे. दुसऱ्या बाजूला डार्बी क्रीक ही ओढ्यासारखी नदी आणि तिच्या काठची गोड्या पाण्याची भरती-ओहोटीची दलदल. पेनसिल्व्हेनियात या जातीची एवढी मोठी दलदल दुसरी उरलेली नाही. बोरूच्या रानासारखी उंच गवते, त्यांच्या शेंड्यांवर लाल खांद्यांचे काळे ब्लॅकबर्ड ओरडत असतात. मागे शहराच्या गगनचुंबी इमारतींची रांग. डोक्यावरून दर काही मिनिटांनी विमान, कारण विमानतळ अगदी लागून आहे. विमान इतके खाली येते की मार्गदर्शकाला वाक्य अर्धे सोडून थांबावे लागते, आणि ते गेले की तो तिथूनच पुढे सुरू करतो. त्या थांबण्यात मला नेहमी एक प्रश्न ऐकू येत असे. तुमच्या गोष्टीत हे विमान आहे की नाही?

या जमिनीची गोष्ट फार जुनी आहे. टिनिकम हे नाव लेनापे या मूळ रहिवाशांच्या भाषेतले. १६४३ मध्ये ‘न्यू स्वीडन’ वसाहतीचा गव्हर्नर योहान प्रिंट्झ याने आपले ठाणे इथेच मांडले. मग वसाहतवाल्यांनी बांध घालून दलदलीची कुरणे केली. पुढे भराव पडत गेला; विमानतळ, गोद्या, तेलाचे कारखाने, रस्ते. मुळात ५,७०० एकरांहून मोठी असलेली दलदल विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सुमारे २०० एकरांवर आली. १९५५ मध्ये गल्फ ऑइल या तेल कंपनीने १४५ एकर जमीन शहराला पक्ष्यांसाठी दान केली. (इथे तर धर्माची गाय शब्दशः आहे, आणि देणारा कोण ते पाहा.) १९६९ पासून आय-९५ हा महामार्ग उरलेल्या दलदलीतून न्यायची आखणी आणि कचऱ्याचा भराव, अशी दोन संकटे एकदम आली. नागरिकांनी न्यायालयात आणि सुनावण्यांत झगडून रस्ता वळवायला लावला, भराव थांबवायला लावला, आणि १९७२ च्या कायद्याने १,२०० एकर जमीन घेण्याची परवानगी मिळाली.

इथपर्यंतची गोष्ट सांगायला चांगली आहे. तिच्यात संकट आहे, लढा आहे, विजय आहे. आख्यान रंगते. पण तीत दोन गोष्टी राहून जातात, आणि त्या दोन्ही फेरीच्या वाटेपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

पहिली म्हणजे फोलक्रॉफ्टचे टेकाड. सपाट दलदलीत ते उंच दिसते आणि त्यावर झाडोरा वाढला आहे. ती कचराभूमी होती. १९८० मध्ये ती अभयारण्याच्या ताब्यात आली, आणि २००१ मध्ये ती व ओढ्याच्या वरच्या अंगाची क्लिअरव्ह्यू ही दुसरी कचराभूमी मिळून देशातल्या सर्वांत धोकादायक प्रदूषित जागांच्या राष्ट्रीय यादीत गेल्या. म्हणजे वन्यजीवांच्या आश्रयस्थानाच्या हद्दीतच विषाची थप्पी आहे आणि तिच्यावर रान उगवले आहे.

दुसरी म्हणजे ईस्टविक. अभयारण्याला लागून असलेली ही वस्ती. सखल जमीन, छोटी घरे, परसात भाजीपाला, बऱ्याच भागात गटारांची सोय नाही. आणि त्या काळच्या अमेरिकेत दुर्मीळ अशी एक गोष्ट, काळी आणि गोरी कुटुंबे शेजारी शेजारी राहत होती. १९५० च्या दशकात नगरविकासाच्या नावाखाली शहराने ही वस्ती ‘अवनत’ ठरवली आणि पुनर्रचनेसाठी सुमारे ८,००० माणसांना हलवले. देशातल्या सर्वांत मोठ्या पुनर्विकास योजनांपैकी ती एक. योजना पूर्ण कधीच झाली नाही; मोकळी केलेली कितीतरी जमीन अनेक दशके मोकळीच राहिली. आजच्या ईस्टविकमध्ये ओढ्यांचे पाणी घरांत शिरते. २०२० च्या ऑगस्टमधल्या इसायस वादळात ते शिरले.

या दोन गोष्टी पक्ष्यांच्या गोष्टीशी बाहेरून चिकटवलेल्या नाहीत. एकाच कारणातून तिन्ही निघतात. दलदल म्हणजे किंमत नसलेली जमीन, असे शहराचे गणित होते. किंमत नाही म्हणून तिथे कचरा टाकला. किंमत नाही म्हणून तिथे ज्यांना दुसरीकडे घर मिळत नव्हते ती माणसे राहिली, आणि किंमत नाही म्हणूनच त्यांना उठवणे सोपे गेले. त्याच कारणाने दलदलीचा एक कोपरा शेवटपर्यंत बिनबांधकामाचा राहिला, आणि पक्ष्यांना तो मिळाला. अभयारण्य आणि उकिरडा ही जुळी भावंडे आहेत. कुठल्याही शहराच्या कडेला जाऊन पाहा, जिथे पक्षी उरले आहेत तिथून कचऱ्याचा डोंगर फार लांब नसतो. जागा फुकाची म्हणून पक्षी उरले आणि पक्षी उरले म्हणून फेरी निघाली. फेरी फुकट आहे याचा अर्थ मला इथे येऊन कळला.

मग टिल्डनची कसोटी टिल्डनच्याच माणसांना लावली तर? अखंड वस्तूत टेकाड येते, ईस्टविक येते, विमान येते. बगळा तेवढा दाखवला तर तो तुकडा झाला, कितीही सुंदर असो.

यावर हमखास येणारा आक्षेप मला ठाऊक आहे. रविवारची सकाळ आहे, लहान मुले आली आहेत, त्यांना आधी बगळा नीट बघू द्या; विस्थापन आणि विषारी कचरा त्यांच्या गळ्यात कशाला? आक्षेप खोटा नाही. पण मुले काय विचारतात ते मी टिपून ठेवत आले आहे. मुले पक्ष्याचे शास्त्रीय नाव विचारत नाहीत. ती विचारतात, ते टेकाड कशाचे? तिथे कुंपण का? इथे कोणी राहायचे का? म्हणजे अखंड वस्तू मुलांना आपसूक दिसते. तुकडे पाडायला त्यांना आपण शिकवतो. सहावे तत्त्वही हेच सांगते. मुलांना वेगळे सांगा, याचा अर्थ कमी सांगा असा नाही.

एका शरद ऋतूतल्या फेरीत आमच्याबरोबर एक वयस्क स्वयंसेविका होती. बोलणे साधे, विनोद बेताचे. बांधावर थांबून तिने सगळ्यांना आधी पाण्याकडे तोंड करून उभे केले, पाच मिनिटे बदके मोजायला लावली. मग म्हणाली, आता पाठ फिरवा. पाठीमागे काय काय दिसते ते सांगा. कोणी रस्ता म्हणाले, कोणी विजेचे मनोरे, एका मुलाने घरांची छपरे सांगितली. ‘बदकांना हे सगळे दिसते,’ ती म्हणाली, ‘आपण फक्त बदके बघतो.’ त्यानंतर वस्तीविषयी ती दहा मिनिटे बोलली आणि त्यात एकही विशेषण नव्हते. कला म्हणतात ती हीच. तिने काही वेगळे भाषण दिले नाही, फक्त श्रोत्यांची तोंडे वळवली. एवढे साधायला महागडी साधने लागत नाहीत. कुठे थांबायचे याचा विचार लागतो.

हेही नोंदवायला हवे की तिथले शेजारी आणि अभयारण्य यांचे नाते नुसते दुखरे नाही. २०१२ मध्ये वस्तीलगतच्या मोकळ्या जमिनीवर मोठा गृहप्रकल्प येऊ घातला तेव्हा रहिवासी आणि अभयारण्याचे चाहते एका बाजूला उभे राहिले. पुराचे पाणी मुरायला जागा हवी, हे दोघांचेही म्हणणे होते. दलदलीचे शास्त्र आणि वस्तीचे हित तिथे एकाच वाक्यात बसले. फेरीत सांगावे असे याहून चांगले आख्यान कोणते?

पैशाचीही बाजू आहे. मोफत म्हणजे कोणीतरी आधीच भरलेले. अमेरिकेतली ही आश्रयस्थानांची साखळी १९०३ मध्ये फ्लोरिडातल्या पेलिकन आयलंडपासून सुरू झाली. टोप्यांसाठी पिसे हवी म्हणून पक्षी मारले जात होते, त्यांना थिओडोर रूझवेल्टने अभय दिले. पण साखळीतल्या जमिनी विकत घेण्याचा मोठा पैसा आला तो शिकाऱ्यांच्या खिशातून. १९३४ पासून बदकांच्या शिकारीसाठी टपालाच्या तिकिटासारखे एक तिकीट घ्यावे लागते, आणि त्याचे उत्पन्न पाणथळ जागा घेण्याकडे जाते. पहिल्या तिकिटाचे चित्र काढले ‘डिंग’ डार्लिंग याने. तो नामवंत व्यंगचित्रकार होता आणि तेव्हा खात्याचा प्रमुखही. १९९७ च्या कायद्याने या जागांवर ज्या सहा उपयोगांना अग्रक्रम दिला त्यांत निरीक्षण, छायाचित्रण, पर्यावरण-शिक्षण आणि निसर्गाचा उलगडा यांच्याच पंगतीला शिकार आणि मासेमारी बसली आहेत. आपल्याकडच्या निसर्गप्रेमी मंडळींना हे पचायला जड जाईल. मला त्यात एक प्रामाणिकपणा दिसतो. निदान ताटात कोणी काय टाकले ते लिहून ठेवले आहे.

आपल्याकडे या ताटाचा हिशेब कसा होता, त्याचा एक जुना दाखला आहे. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या नव्या निसर्गविज्ञान दालनात ‘गाइड लेक्चरर’ म्हणून एका तरुणाची नेमणूक झाली. प्राणी-पक्षी दाखवून लोकांना समजावून सांगायचे, हे काम. पगार महिना ३५० रुपये. दोन वर्षांनी तो रजा घेऊन जर्मनीत पक्षिशास्त्र शिकायला गेला, आणि परत आला तेव्हा पैसे नाहीत म्हणून ती जागाच रद्द झालेली होती. तो तरुण म्हणजे सालिम अली. मग ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले आणि सुगरणींचा अभ्यास केला. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. चरित्रकार हा प्रसंग दैवाची कृपा म्हणून सांगतात. मला त्यात वेगळेच दिसते. शंभर वर्षांपूर्वी शहरातल्या माणसाला निसर्ग समजावून सांगणे हे पगारी काम होते, आणि कात्री पहिल्यांदा त्यालाच लागली. आज ते बहुतेक ठिकाणी स्वयंसेवकाच्या रविवारावर चालते. फेरी खरोखर मोफत असते ती ऐकणाऱ्याला. सांगणारा तिचे मोल आपल्या वेळाने भरतो. म्हणून दात मोजायचे ते त्या स्वयंसेवकाचे नव्हेत. त्याच्या हाती जी संहिता दिली जाते तिचे मोजायचे.

आपल्या फेऱ्यांची संहिता फार वेळा यादीची असते. हा अनुभव अनेकांचा असेल, संस्थांची नावे घ्यायचे कारण नाही. पक्षी दिसला, नाव पुकारले, सगळ्यांनी वहीत खूण केली, पुढे चला. शेवटी आकडा जाहीर होतो, आज बेचाळीस जाती. टिनिकमलाही पक्षी मोजतातच, पण यादी हे साधन आहे. आपल्याकडे तेच फळ होऊन बसले आहे. आणि यादी असते इंग्रजीत. भोवती मराठी बोलणारी मुले असली तरी.

इंग्रजीचा राग म्हणून मी हे लिहीत नाही. यादी इंग्रजीत गेली की एक विशिष्ट गोष्ट हरवते. आपली पक्ष्यांची नावे पाहा. सुतार, शिंपी, तांबट, परीट, धीवर, कोतवाल. अर्धा गावगाडाच झाडावर बसलेला आहे. (टेलरबर्ड आणि कॉपरस्मिथ ही इंग्रजी नावेही याच ढंगाची आहेत, हे खरे, पण इंग्रजीत ती दोन-चार, आपल्याकडे रीतच.) मारुती चितमपल्ली यांनी रानात राहणाऱ्या माणसांकडून शब्द गोळा करत आयुष्य घालवले, त्यामागे हे भान होते की पक्ष्याचे नाव ठेवणारा माणूस त्या पक्ष्याच्या शेजारी राहत होता. धीवर म्हटले की पक्षी आणि कोळी दोघे एकदम डोळ्यांपुढे येतात. ज्या भाषेत नावाच्या पातळीवरच माणूस आणि पाखरू एका वस्तीत नांदतात, त्या भाषेत पक्ष्यांची फेरी आणि माणसांची फेरी वेगळी काढायची तर आधी ती नावे टाकून द्यावी लागतात. आपण नेमके तेच करतो आहोत.

आणखी एक शब्द आहे, अभयारण्य. २०१५ मध्ये ठाणे खाडीचा १,६९० हेक्टरांचा पट्टा फ्लेमिंगो अभयारण्य झाला. त्यात अरण्य म्हणजे खारफुटी, उरलेले पाणी आणि चिखल. शब्दाच्या उत्तरार्धाची ओढाताण आपण चालवून घेतो. पूर्वार्धाचे काय? अभय कोणाला, आणि कोणापासून? इंग्रजी ‘रेफ्यूज’मध्ये आसरा शोधत आलेला जीव आहे, आपल्या ‘अभय’मध्ये ते देणारा राजा आहे. दोन्ही शब्दांत काठावर राहणाऱ्या तिसऱ्या माणसाला जागा नाही. टिनिकमला तो ईस्टविकचा रहिवासी, ठाणे खाडीत जाळे टाकणारा कोळी.

टिनिकमचे सख्खे भावंड मुंबईत आहे, माहीमचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान. सुमारे ३७ एकर, एका अंगाला मिठी नदी, रस्त्यापलीकडे धारावी. शहराच्या कचऱ्यावर उभारलेले हे रान. १९८३ मध्ये सालिम अलींच्या हस्ते तिथे पहिले झाड लागले, आणि १९९४ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. कचरा इथे लपवला जात नाही, उलट तीच या जागेची ओळख आहे. कचऱ्यातून जंगल. गोष्ट खरी आहे आणि अभिमानाची आहे. पण आख्यान म्हणून ती फार लवकर संपते. कचरा इथून हलला तो नाहीसा झाला नाही. देवनारला १९२७ पासून टाकला जातो आहे, आणि देवनारचा डोंगर ज्या खाडीच्या काठाशी उभा आहे ती ठाण्याची खाडी, म्हणजे फ्लेमिंगोंची. माहीमचे रान वाढले त्याच वर्षांत तो डोंगरही वाढला. त्या डोंगराच्या पायथ्याशी माणसे राहतात, कचरा वेचतात, त्याला आग लागली की तो धूर त्यांच्या घरात जातो. माहीमची फेरी उद्यानाच्या फाटकाशी संपते, म्हणून ही उत्तरकथा तीत येत नाही.

हा दोष कोणा मार्गदर्शकाचा नाही. फेरीला कुंपण असते, गोष्टीला नसते, एवढीच अडचण आहे. टिनिकमच्या त्या बाईंनी पाठ फिरवायला लावून ती एका मिनिटात सोडवली. मुंबईत पाठ फिरवून भागणार नाही, चालावे लागेल. मी वहीत एक मार्ग आखून ठेवला आहे. सकाळी माहीमच्या उद्यानात झाडे आणि फुलपाखरे, मग मिठीच्या पुलावर उभे राहून पाण्याचा रंग. शीवला लोकल, कुर्ल्याला गाडी बदलून गोवंडी. देवनारचा डोंगर बाहेरच्या रस्त्यावरून. वर घारी असतातच, मोजायच्या असतील तर मोजाव्यात. तिथून खाडीची कड. थंडीपासून मेपर्यंत रोहित असतात, पण भरतीचे वेळापत्रक पाहून निघावे, पाणी चढले की ते लांब जातात. ऐरोलीहून बोट निघते, तिला तिकीट आहे. बाकी सगळे रेल्वेच्या भाड्यात होते.